गावाच्या आरोग्याच्या गरजा गावकऱ्यांसोबत बसून ठरवायच्या आहेत. सुरुवात कुठून करावी?

सिंदफणाकाठ:

नमस्कार मंडळी. मी ग्रामपंचायत सदस्य आहे आणि आमच्या ग्राम आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समितीची अध्यक्षही. गाव बीड जिल्ह्यात. उंबरा ४१२, लोकसंख्या १९०० च्या आसपास. गावठाणात २४८ घरं, अडीच किलोमीटरवर बंजारा तांडा ९६ घरांचा, दोन शेतवस्त्या मिळून ५४ आणि ओढ्याकाठी पारधी समाजाची १४ पालं. उपकेंद्र गावात आहे, प्राथमिक आरोग्य केंद्र ११ किलोमीटरवर. निम्मा तांडा आणि गावठाणातली बरीच घरं दिवाळीच्या पुढंमागं ऊसतोडीला जातात आणि पाडव्याच्या सुमारास परततात.

१५ ऑगस्टच्या ग्रामसभेत असं ठरलं की यंदा आरोग्याचा आराखडा कार्यालयात बसून लिहायचा नाही, लोकांना विचारून करायचा आणि २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत मांडायचा. मागे एका महाविद्यालयाची मुलं आठ पानी फॉर्म भरून घेऊन गेली. त्याचं पुढं काय झालं ते गावाला कळलंच नाही, त्यामुळे लोक आता "परत फॉर्म का?" म्हणून विचारतात. बैठक घेतली की तीच चार माणसं बोलतात आणि यादीत दवाखाना, डॉक्टर, रस्ता एवढंच येतं.

माझे प्रश्न: आधी घरोघर सर्वेक्षण करायचं की बैठका? फॉर्ममध्ये नेमकं काय विचारायचं? कोणी विचारायचं, आशाताईंनी की दुसऱ्या कुणी? आणि शेवटी प्राधान्य कसं ठरवायचं म्हणजे दांडगाई करणाऱ्याचंच खरं होणार नाही? हाताशी सहा आठवडे आणि बारावी झालेल्या दहा-बारा मुली-मुलं आहेत.


शिवारफेरी:

ताई, ग्रामसभेतून विषय आला हे फार चांगलं झालं. आता क्रम. फॉर्म सगळ्यांत शेवटी. आधी गावात असलेली कागदपत्रं, मग गावफेरी आणि नकाशा, मग वस्तीवार बैठका आणि त्यातून जे प्रश्न उरतील तेवढ्यांसाठीच घरोघर जायचं. उलट केलं तर ज्या गोष्टी दप्तरात आहेत त्याच पुन्हा विचारल्या जातात आणि खरं विचारायचं ते राहून जातं.

पहिला आठवडा कागदांचा. ग्रामपंचायतीतून जन्म-मृत्यू नोंदवही, मागच्या तीन वर्षांची. अंगणवाडीतून वजन-उंचीची नोंद. उपकेंद्रातून बाह्यरुग्ण नोंदवही आणि गरोदर मातांची यादी. पाण्याचे तपासणी अहवाल, टीसीएलचा (पाण्यात टाकायच्या ब्लीचिंग पावडरचा) साठा आणि वापर, आणि पाण्याच्या स्वच्छतेबद्दल ग्रामपंचायतीला लाल, पिवळं की हिरवं कार्ड मिळालं ते. प्रत्येक कागदावर एकच प्रश्न विचारायचा: यात कोण नाही? जन्म नोंदवहीत माहेरी झालेली बाळंतपणं नसतात, साखर कारखान्याजवळच्या कोपीवर, म्हणजे ऊसतोड मजुरांच्या झोपडीत झालेलीही नसतात. उपकेंद्राच्या वहीत खासगी दवाखान्यात जाणारे नसतात. अंगणवाडीत पालांवरच्या पोरांची नावं आहेत का, ते मुद्दाम बघा. ही "कोण नाही" यादी म्हणजे तुमच्या पुढच्या कामाचा नकाशाच.

गावफेरी सकाळी सात ते नऊ, पाणी सुटायच्या वेळी. सोबत दहा माणसं पुरेत, पण त्यात पाणी भरणाऱ्या बाया हव्यात, वॉल्व्ह सोडणारा पाणीपुरवठा कर्मचारी हवा आणि एखादा म्हातारा हवा. टाकीपासून शेवटच्या नळापर्यंत चालत जायचं. पाइप गटारातून कुठं जातो, वॉल्व्हचा खड्डा पाण्यानं भरलेला आहे का, हातपंपाचा ओटा फुटलाय का, विहिरीपासून उकिरडा किती पावलांवर आहे, सार्वजनिक संडासात पाणी येतं का. शेवटच्या नळावर ओटी टेस्ट करायची, म्हणजे थेंब टाकून पाण्यात क्लोरीन आहे का ते रंगावरून बघायचं. मोकळा क्लोरीन लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम निघाला पाहिजे. टाकीजवळ पिवळा रंग येतो आणि तांड्याच्या शेवटच्या नळाला काहीच येत नाही, हे लोकांनी डोळ्यांनी बघितलं की पुढची अर्धी चर्चा आपोआप मुद्द्यावर येते.

नकाशा कागदावर नको, जमिनीवर. रांगोळी, विटांचे तुकडे, पानं. कागद-पेन आलं की शिकलेला माणूस पेन घेतो आणि बाकीचे मागं सरकतात. जमिनीवर सगळ्यांचे हात चालतात. घरं मांडून झाली की रंगीत खडे ठेवायचे: पाच वर्षांखालचं मूल, गरोदर बाई, अंथरुणाला खिळलेला माणूस, दिव्यांग, एकटी राहणारी म्हातारी, ऊसतोडीला जाणारं घर. पुसायच्या आधी फोटो काढा आणि त्याच दिवशी वहीत उतरवा. खड्यांचा अर्थ नकाशाच्या कडेला लिहायला विसरलात तर आठवड्यानं कुणालाच सांगता येत नाही. टीबी किंवा एचआयव्हीसाठी खडा ठेवायचा नाही, कितीही आग्रह झाला तरी.

बैठकांबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण सगळं तिथंच जमतं किंवा बिघडतं.

एकत्र बैठक नकोच. निदान सात गट करा: गावठाणातल्या दलित वस्तीच्या बाया, बाकी गावठाणातल्या बाया, तांड्यावरच्या बाया, तांड्यावरचे पुरुष, शेतवस्त्या, पालं आणि वयात आलेल्या मुली. म्हाताऱ्यांचा वेगळा गट जमला तर उत्तमच. गटात ८ ते १२ जण, वेळ तास-दीड तास. जागा देवळात नको, ग्रामपंचायतीतही नको. देवळात पाळी असलेली बाई येत नाही आणि काही घरं कधीच येत नाहीत. ग्रामपंचायतीत लोक तक्रार सांगायला आल्यासारखे बोलतात. वस्तीतलीच अंगणवाडी, शाळेचा व्हरांडा किंवा झाडाखालची जागा घ्या. बायांना दुपारी दोन ते चार नाहीतर रात्री जेवणानंतर साडेआठला वेळ असतो. भाद्रपदात गौरीच्या तीन दिवसांत कुणाला बोलावू नका. पितृपंधरवडा सोयीचा, लोक गावात असतात आणि लग्नकार्य नसतं.

पहिला खेळ वर्षाच्या कॅलेंडरचा. चैत्र ते फाल्गुन बारा चौकोन आखायचे. इंग्रजी महिने नकोत, कारण काम, पाऊस आणि आजार लोकांना मराठी महिन्यांनी आठवतात. खाली एकेक ओळ: ताप, जुलाब, विंचू-साप, पाण्याची टंचाई, हाताला काम, घरातलं धान्य, कर्ज. प्रत्येक चौकोनात त्या मानानं चिंचोके ठेवायचे. मग वरून खाली बघायचं. आषाढ-श्रावणात जुलाब आणि सर्पदंश चढलेले, त्याच चौकोनात धान्य संपलेलं आणि कर्ज वाढलेलं, असं दिसलं की "दवाखान्यात उशिरा का येता" या प्रश्नाचं उत्तर मांडलेलंच असतं. तांड्यावर हे कॅलेंडर दोनदा करा: गावी असतानाचं आणि कारखान्यावरचं.

दुसरा खेळ प्राधान्याचा. गटानंच सांगितलेल्या अडचणींची चित्रं कार्डांवर काढायची, ८ ते १० पुरेत. प्रत्येकीला पाच चिंचोके. पण उघड्यावर ठेवायला लावू नका. पहिली बाई जिथं ठेवते तिथंच बाकीच्या ठेवतात आणि सासू समोर असेल तर सून दारूच्या कार्डाला हात लावत नाही. पडद्याआड किंवा खोलीत झाकणाला चीर पाडलेले डबे मांडा, एकेकीनं जायचं. कार्डांचा क्रम प्रत्येक गटात बदला, कारण पहिल्या दोन डब्यांत जास्त चिंचोके पडतात. मोजणी सगळ्यांसमोर करा आणि निकाल गटाच्या नावानं वेगळा ठेवा. सगळ्या गटांचे चिंचोके एकत्र ओतले की २४८ घरांचं गावठाण १४ पालांना गिळून टाकतं.


मोजपट्टी:

वरच्या प्रतिसादाशी सहमत. मी फक्त घरोघरच्या भागाबद्दल लिहितो.

पहिली चूक इथं होते: घरांची यादी नमुना ८ वरून घेतात. ती घरपट्टीची नोंद आहे. तिच्यात एका मालमत्तेत तीन चुली असतील तर एकच ओळ असते आणि पालं बहुधा नसतातच. जमिनीवरच्या नकाशावरून यादी करा आणि "एक चूल म्हणजे एक घर" हा नियम सगळ्यांना सांगा. ४१२ चा आकडा बदलेल, बदलू द्या.

सगळी घरं करायची गरज नाही. गावठाणातलं प्रत्येक चौथं घर, म्हणजे ६२. तांडा, वस्त्या आणि पालं पूर्ण, म्हणजे १६४. एकूण २२६. लहान वस्तीतून चौथं घर घेतलं तर पालांवरची तीन-चारच घरं हाती लागतात आणि त्यावरून काहीच म्हणता येत नाही, म्हणून तिथं सगळी. सहा जोड्या, प्रत्येक जोडीला दिवसाला आठ घरं, म्हणजे पाच दिवसांत काम होतं. त्याहून जास्त घरं देऊ नका. नवव्या घरापासून मुलं न विचारताच रकाने भरायला लागतात.

गावठाणात पहिलं घर चिठ्ठीनं काढा, १ ते ४ मधला आकडा. ३ आला तर ३, ७, ११ असं गल्लीच्या क्रमानं. कुलूप असलं तर संध्याकाळी आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा जायचं. शेजारचं घर बदली घ्यायचं नाही. कुलूप असलेली घरं बहुतेक मजुरीला जाणाऱ्यांची असतात. ती गाळली की घरी बसणाऱ्यांचंच आरोग्य मोजलं जातं.

आता हिशेब. वस्त्या पूर्ण आणि गावठाण चौथा हिस्सा घेतलाय, म्हणून बेरीज सरळ करायची नाही. उदाहरणादाखल आकडे घेऊ. दवाखान्यासाठी कर्ज काढलेली घरं गावठाणातल्या ६२ पैकी ५, तांड्यात ३१, वस्त्यांवर ९, पालांवर ६ निघाली. सरळ बेरीज २२६ पैकी ५१, म्हणजे जवळपास २३ टक्के. हे चूक. गावठाणाचे ५ गुणिले ४ म्हणजे २०. मग २० + ३१ + ९ + ६ = ६६, आणि ४१२ पैकी ६६ म्हणजे १६ टक्के. पण ग्रामसभेत १६ टक्के सांगण्यापेक्षा "तांड्यात दर तीन घरांमागं एक, गावठाणात दर बारा घरांमागं एक" असं सांगा. सरासरीत तांडा दिसेनासा होतो. गावठाणाच्या ६२ घरांवरून काढलेला कुठलाही आकडा जास्तीत जास्त १२-१३ टक्के इकडं-तिकडं असू शकतो, त्यामुळे ३० आणि ३५ मधल्या फरकावर भांडू नका. मृत्यू, अपंगत्व अशा थोड्या संख्यांची टक्केवारी काढूच नका. "तीन वर्षांत दोन बाळं गेली" एवढं पुरेसं आहे.

फॉर्म एका पानाचा, १२ ते १५ प्रश्न, वीस मिनिटं. "घरात कुणी आजारी आहे का?" विचारलं की उत्तर "नाही" येतं, कारण चालता-फिरता माणूस स्वतःला आजारी म्हणत नाही. त्याऐवजी हे विचारा:

गेल्या १५ दिवसांत घरातल्या कुणाचा कामाचा किंवा शाळेचा दिवस दुखण्यामुळे बुडाला का? किती दिवस? काय होत होतं?

गेल्या वर्षभरात कुणाला दवाखान्यात भरती केलं का? कुठं? पैसे कुठून आणले: साठवलेले, मुकादमाची उचल, सावकार, बचत गट, दागिना गहाण, जनावर विकून?

उपचार सुचवला होता पण केला नाही, असं काही आहे का? कशामुळे?

रात्री अकरा वाजता बाईच्या पोटात कळा आल्या तर गाडी कुणाची? (ज्यांना लगेच उत्तर देता येत नाही त्यांची टिपण घ्या.)

प्यायचं पाणी आज कुठून आणलं? उन्हाळ्यात कुठून?

घरात तंबाखू, मिश्री, गुटखा कोण खातं, कितव्या वर्षापासून?

उपकेंद्रात शेवटचं कधी गेलात? गेला नसाल तर का?

मुदतीचं भान ठेवा. साधं दुखणं १५ दिवसांपलीकडं आठवत नाही, भरती झाल्याचं वर्षभर आठवतं, मृत्यू तीन वर्षं. "गेल्या सहा महिन्यांत ताप आला का" याला सगळेच हो म्हणतात आणि त्याचा उपयोग शून्य.

फॉर्मवर नाव नाही, आधार क्रमांक नाही, फोटो नाही. घराला फक्त आकडा. आकडा आणि घर जोडणारी यादी एकाच माणसाकडे कुलपात. सुरुवातीला दोन वाक्यं पाठ करून घ्या: "हे गावाच्या आरोग्य आराखड्यासाठी आहे. कुठल्याही योजनेच्या लाभासाठी नाही, आणि एखाद्या प्रश्नाचं उत्तर द्यायचं नसेल तर चालेल." हे सांगितलं नाही तर लोक घरकुल मिळेल या आशेनं घरातली माणसं वाढवून सांगतात किंवा रेशन कापलं जाईल या भीतीनं कमी.

मुलांचा दंडघेर मोजणार असाल तर सहा महिने ते पाच वर्षं वयातच मोजा. ११.५ सेंटीमीटरच्या खाली तीव्र कुपोषण, ११.५ ते १२.५ च्या मधे मध्यम. पण मोजायचं ठरवलं तर त्याच दिवशी अंगणवाडीताई आणि उपकेंद्राला कळवायची सोय आधी करा. लाल पट्टीत आलेलं मूल लिहून ठेवून महिनाभरानं अहवालात छापणं कुणाच्याच कामाचं नाही.


ओट्यावरून:

आशाताईंबद्दल. त्यांना सर्वेक्षक करू नका. त्यांच्याकडे घरांची नोंदवही आहे, तीस वर्षांवरच्यांचे सीबॅक फॉर्म (रक्तदाब, मधुमेह अशा आजारांचा धोका पाहणारे) आहेत, ती माहिती गोळाबेरीज स्वरूपात मागून घ्या. पण घरात जाऊन "आशा येते का, औषध देते का" हे आशानंच विचारायचं कसं? लोक तोंडदेखलं बोलतात आणि काही वाईट निघालं तर खापर तिच्यावर. तिच्या कामाचा बोजा आधीच मोठा आहे. तिला बैठकांमध्ये जाणकार म्हणून बसवा, निकाल पहिल्यांदा तिला आणि अंगणवाडीताईला दाखवा. त्या म्हणतील "हा आकडा चुकलाय" तर पुन्हा तपासा. बहुतेक वेळा त्यांचं बरोबर असतं.

जोडीत एक मुलगी हवीच. तांड्यावर गोरमाटी, म्हणजे बंजारा बोली बोलणारी मुलगी पाठवा. आणि कुणालाही स्वतःच्या भावकीत पाठवू नका.

मुलांना दोन दिवस शिकवा, त्यातला दुसरा दिवस शेजारच्या गावात पाच-पाच घरं खरोखर करून. फॉर्ममधला कुठला प्रश्न लोकांना कळत नाही ते तिथंच समजतं. खर्चाचं म्हणाल तर एक पानी फॉर्म, खडू, रांगोळी, चहा आणि मुलांना मजुरीच्या बरोबरीचं मानधन. समितीला वर्षाला मिळणाऱ्या १० हजारांच्या अबंधित निधीतून काय बसतं ते समितीच्या ठरावानं आधी मंजूर करून घ्या. नंतर पावत्या जुळवत बसू नका.


वैद्यकीय नोंद:

एक वेगळी बाजू मांडतो. लोकांना विचारून गरजा ठरवायच्या हे मान्य, पण लोक जे सांगत नाहीत तेही असतं. रक्तदाब, मधुमेह, रक्तक्षय, तोंडाच्या कर्करोगाची सुरुवात, हे चिंचोक्यांच्या डब्यात पडणार नाही. उलट "सलाईन लावणारा डॉक्टर पाहिजे" ही मागणी हमखास येईल. मग तज्ज्ञानं काय करायचं, मान डोलवायची?


शिवारफेरी:

मान डोलवायची नाही आणि हाणूनही पाडायची नाही. "सलाईन" मागणीच्या मागं काय आहे ते विचारायचं. बहुतेक वेळा उत्तर येतं: मजुरी बुडते, उद्या उभं राहायचंय. म्हणजे गरज लवकर बरं होण्याची आणि संध्याकाळी उघड्या असलेल्या दवाखान्याची आहे. उपकेंद्राची वेळ मजुरांच्या वेळेशी जुळते का, हा प्रश्न त्यातून निघतो.

रस्ता-पाण्याचंही तसंच. जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये काम सुरू केलं तेव्हा लोकांनी आधी पाणी आणि अन्न मागितलं, औषध नंतर. ती मागणी आरोग्याचीच धरली म्हणून पुढचं काम उभं राहिलं.

आणि लोक सांगत नाहीत हे खरं, पण का सांगत नाहीत? डॉ. राणी बंग आणि सहकाऱ्यांनी गडचिरोलीच्या दोन गावांत ६५० बायांची तपासणी केली, १९८९ मध्ये ते प्रसिद्ध झालं. ९२ टक्के बायांना स्त्रीरोगाचा किंवा लैंगिक आजाराचा किमान एक त्रास निघाला आणि त्याआधी तपासणी झालेल्या होत्या फक्त ८ टक्के. बायांना त्रास माहीत होता. विचारणारं आणि तपासणारं कुणी नव्हतं. त्यामुळे तुमच्या यादीतलं जे डब्यात पडणार नाही ते तिसरा स्तंभ म्हणून मांडा: लोकांनी सांगितलं, नोंदींतून दिसलं, तपासणीतून निघालं. तीनही स्तंभ ग्रामसभेला दाखवा. रक्तदाबाचे आकडे समोर आले की लोक ते उचलून धरतात, फक्त त्यांना आधी दाखवले पाहिजेत.


वैद्यकीय नोंद:

पटलं. मग एक भर घालतो. तपासणीचा स्तंभ भरायला वेगळं शिबिर नको. ग्राम आरोग्य पोषण दिवस महिन्याला असतोच, त्या दिवशी समुदाय आरोग्य अधिकाऱ्यांना तीस वर्षांवरच्यांचा रक्तदाब आणि साखर तपासायला सांगा, एकदा गावठाणात आणि एकदा तांड्यावर. रक्तदाब बसवून, पाच मिनिटं शांत ठेवून, दोनदा. १४०/९० किंवा वर आला तर लगेच "बीपीचा पेशंट" म्हणून शिक्का नको, दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजायचा. चालत आलेल्या माणसाचा लगेच मोजला तर निम्मा तांडा आजारी दिसेल.

आणि ऊसतोड बायांना गर्भाशय काढल्याबद्दल विचारणार असाल तर ते घरोघरच्या फॉर्ममध्ये घालू नका. बीडमधल्या या शस्त्रक्रियांचा प्रश्न गाजल्यावर २०१९ मध्ये राज्य सरकारनं डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली होती, म्हणजे विषयाचं गांभीर्य सगळ्यांना माहीत आहे. पण दारात, दिराच्या समोर, अठरा वर्षांच्या मुलीनं विचारायचा हा प्रश्न नाही. बायांच्या गटात, परिचारिकेनं, नाव न लिहिता: पांढरं जाणं, अंगावरून जाणं, ओटीपोटात दुखणं, पिशवी काढली असेल तर कितव्या वर्षी, कुणाच्या सल्ल्यानं, पर्याय सांगितला होता का.


सिंदफणाकाठ:

सगळ्यांचे मनापासून आभार. छापून ठेवते. आता दोन अडचणी. एक, गावफेरीत जो उकिरडा विहिरीजवळ निघणार तो गावातल्या वजनदार माणसाचा आहे, हे मला आत्ताच माहीत आहे. दोन, बायांच्या गटात दारू पहिल्या नंबरवर येणार आणि ग्रामसभेत पुरुष तो विषय हसण्यावारी नेणार. पुढं कसं न्यायचं?


लेखणी आणि ठराव:

ग्रामसभेचं मी सांगते.

उकिरड्याचं: अहवालात माणसाचं नाव नको, जागा आणि अंतर लिहा. "विहिरीपासून १२ पावलांवर उकिरडा, पावसात पाणी विहिरीकडं वाहतं." ओटी टेस्टचा निकाल शेजारी. आणि एकट्या त्याचंच नको, गावफेरीत सापडलेल्या सगळ्या जागा एका यादीत. ग्रामसभेच्या आधी त्या माणसाला घरी जाऊन सांगा आणि उकिरडा हलवायला जागा कुठली ते सुचवा. सभेत पहिल्यांदा ऐकलं की माणूस इरेला पेटतो.

दारूचं: प्रत्येक ग्रामसभेच्या आधी महिला सभा घेणं महाराष्ट्रात कायद्यानं बंधनकारक आहे. ती कागदावर उरकू देऊ नका. तिथं ठराव घ्या, सह्या-अंगठे घ्या, आणि तो ठराव ग्रामसभेच्या विषयपत्रिकेवर क्रमांकासह यायलाच हवा. आधी एक स्पष्ट करून घ्या: परवान्याचं दुकान आहे की हातभट्टी? उभी-आडवी बाटलीचं मतदान परवान्याच्या दुकानासाठी असतं. हातभट्टीचा ठराव पोलीस ठाणं आणि राज्य उत्पादन शुल्क या दोन्हीकडे पाठवून पोच घ्यायची. सोबत कॅलेंडर जोडा: कुठल्या महिन्यात मारहाण वाढते ते बायांनीच मांडलेलं असेल.

आता प्राधान्य. प्रत्येक गटाचे पहिले तीन विषय घ्या. सात गटांचे २१ येतात, दुबार काढले की १० ते १२ उरतात. मग ग्रामसभेत त्यांची तीन ढिगांत वाटणी करा. गाव स्वतः करू शकतं: टीसीएल रोज टाकणं, वॉल्व्ह दुरुस्त करणं, तांड्यावर महिन्याला आरोग्य दिवस, रात्रीच्या गाडीची यादी. आरोग्य केंद्रानं करायचं: उपकेंद्राची वेळ, साप-विंचवावरची औषधं पावसाळ्याआधी केंद्रात असणं, रक्तदाबाच्या गोळ्या खंड न पडता. तालुका-जिल्ह्याकडे मागायचं: रस्ता, रिकामं पद, नवी पाणी योजना. सगळं तिसऱ्या ढिगात गेलं की आराखडा म्हणजे नुसतं निवेदन होतं. म्हणून पहिल्या ढिगातल्या किमान तीन गोष्टी ग्रामसभेपासून तीस दिवसांत पूर्ण होणाऱ्या निवडा.

पैसा फक्त समितीच्या १० हजारांत शोधू नका. ग्रामपंचायतीच्या स्वतःच्या उत्पन्नातले १० टक्के महिला-बालकल्याणावर आणि ५ टक्के दिव्यांगांवर खर्च करायचे असतात. वित्त आयोगाच्या बंधित हिश्श्यात पाणी-स्वच्छता बसते. ग्रामपंचायत विकास आराखड्यात ओळ गेली नाही तर वर्षभर पैसे मागायला जागा नाही, त्यामुळे २ ऑक्टोबरच्या सभेत "आरोग्य आराखड्यातील बाबी विकास आराखड्यात समाविष्ट करण्यात येत आहेत" हे वाक्य ठरावात आलंच पाहिजे. ठराव असा लिहा: काम, जबाबदार व्यक्तीचं पद, रक्कम, तारीख. "पाणी स्वच्छ करण्यात यावे" हा ठराव नाही. "तांडा टाकीत टीसीएल टाकून रोज शेवटच्या नळावर ओटी टेस्ट करणे, जबाबदारी पाणीपुरवठा कर्मचारी, नोंदवही दर सोमवारी समितीसमोर" हा ठराव.

निकाल लोकांना परत द्या. चार ठिकाणी भिंतीवर: ग्रामपंचायत, तांडा, वस्तीवरची शाळा, पालांजवळ. २००७ पासून महाराष्ट्रात लोकाधारित देखरेखीत लाल-पिवळा-हिरवा रंग वापरतात, पहिल्यांदा अमरावती, नंदुरबार, उस्मानाबाद (आताचं धाराशिव), पुणे आणि ठाणे या पाच जिल्ह्यांत ते सुरू झालं. ती पद्धत वाचता न येणाऱ्यालाही कळते. प्रत्येक कामापुढं गोल, आणि दर तीन महिन्यांनी रंग बदलायचा. रंग ठरवणारी माणसं समितीबाहेरची असू द्या, प्रत्येक वस्तीतून दोन.


सिंदफणाकाठ:

शेवटचं एक. आराखडा अमलात येईल तोवर तांडा कारखान्यावर गेलेला असेल. त्यांच्यासाठी काय?


शिवारफेरी:

म्हणून तांड्याचं सगळं काम पहिल्यांदा करा, गावठाण नंतर. निघण्याआधी कोयतेवार (एक कोयता म्हणजे ऊस तोडणारी एक जोडी) यादी करून घ्या: कुठला मुकादम, कुठला कारखाना, किती कोयते, सोबत पाच वर्षांखालची मुलं किती, गरोदर किती आणि कितवा महिना. नोव्हेंबर ते मार्चमध्ये दिवस भरणाऱ्या बायांची वेगळी यादी उपकेंद्राला द्या. त्यांचं माता-बाल संरक्षण कार्ड सोबत गेलं पाहिजे, पेटीत राहता कामा नये. लसीची पुढची तारीख कार्डावर मोठ्या अक्षरात लिहून घ्या. रक्तदाब, साखर, टीबीच्या गोळ्या चालू असलेल्यांना मुक्कामाच्या गावाजवळचं आरोग्य केंद्र कुठलं ते लिहून द्या. तांड्यावरच्या एका शिकलेल्या बाईला प्रत्येक टोळीसाठी नेमा. तिच्याकडे ओआरएस, १०८ आणि तुमच्या आशाताईंचा नंबर. पाडव्याला टोळ्या परतल्या की तिच्याचकडून कारखान्यावरच्या महिन्यांचं कॅलेंडर पुन्हा भरून घ्या. १ मेच्या ग्रामसभेला तुम्हाला तेच लागणार आहे.